बीएमडब्ल्यू झेड४: जुनी ई८९ की नवी जी२९? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टप उघडणारी दोन सीटांची गाडी घ्यायची हे ठरलेलं असतं, बजेट सेकंडहँडचं असतं आणि झेड४ च्या दोन पिढ्यांपाशी येऊन घोडं अडतं. म्हापशापासून काणकोणपर्यंत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. मी गाड्या विकत नाही. घेणाऱ्यांबरोबर गाडी बघायला जातो, एवढाच माझा संबंध.

१. ई८९ आणि जी२९ ही काय भानगड आहे? रस्त्यावर ओळखायची कशी?

ही कंपनीची आतली नावं. ई८९ म्हणजे २००९ ते २०१६ ची झेड४, जर्मनीत रेगेन्सबुर्गला बनलेली. हिचा टप धातूचा असतो आणि दोन तुकड्यांत दुमडून बूटमध्ये जातो. जी२९ चं उत्पादन २०१८ च्या शेवटी ऑस्ट्रियात ग्रात्सला माग्ना श्टायरच्या कारखान्यात सुरू झालं. टोयोटाची जीआर सुप्रा हिची सख्खी बहीण. जी२९ चा टप कापडी. लांबून ओळखायचं तर हेडलाइट बघा: जुनीत दिवे शेजारी शेजारी, नवीत एकावर एक.

ई८९ चं बाहेरचं डिझाइन युलियाने ब्लासी यांचं आणि आतलं नाडिया आर्नाउट यांचं. लांब बॉनेट आणि पार मागे सरकलेली सीट ही रेषा मला अजूनही दोघींत उजवी वाटते. पण गाडी घेताना हे मत बाजूला ठेवा.

२. इंजिनात नेमका फरक काय?

आपल्याकडे जुनी बघायला गेलात की बहुतेक वेळा एसड्राइव्ह ३५आय समोर येते. तीन लिटर, सरळ रांगेतले सहा सिलिंडर, दोन टर्बो, ३०६ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर. नवी एप्रिल २०१९ मध्ये भारतात आली ती दोन रूपांत. २०आय मध्ये दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन आणि १९७ हॉर्सपॉवर. एम४०आय मध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडर, ३४० हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर जुनी ३५आय ५.१ सेकंदांत जाते, एम४०आय ४.५ मध्ये. पर्वरीच्या कोंडीत दोघींचा आकडा सारखाच.

एक गोष्ट विक्रेते हमखास चुकीची सांगतात: 'ही शेवटची गाडी आहे, हिच्यात सुधारलेलं एन५५ इंजिन आहे.' बीएमडब्ल्यूच्या बाकी गाड्यांत एन५५ आलं, पण झेड४ ३५आय मध्ये २०१६ पर्यंत त्याच्या आधीचं एन५४ इंजिनच राहिलं. त्यामुळे एन५४ ची जी काही दुखणीखुपणी आहेत ती २००९ च्या गाडीला लागू आणि २०१५ च्या गाडीलाही. ती प्रश्न ५ मध्ये.

३. आमच्याकडे चार महिने धो धो पाऊस. मग धातूचा टपच बरा ना?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

टप बंद असताना ई८९ आतून साध्या कूपेसारखी शांत असते. चोरी, कावळ्याची घाण, फणसाचा चीक यांची काळजी कमी. इथपर्यंत धातूचा टप जिंकतो. पण पावसाचं पाणी धातूतून किंवा कापडातून आत येत नाही, ते सांध्यांतून येतं. ई८९ मध्ये सांधे जास्त: टपाचे दोन तुकडे, त्यांच्यामधलं रबर, काचेवरचं रबर, बूटच्या झाकणाचं रबर. त्यात हायड्रॉलिकचे पाइप, सेन्सर आणि दर उघडझापीला वाकणारी वायरिंग. दहा-बारा वर्षांत रबर कडक होतं, वायर बिजागरापाशी तुटते आणि टप अर्ध्यात थांबतो. तो क्षण जूनमध्ये आला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

जी२९ चा कापडी टप दहा सेकंदांत उघडतो आणि ताशी ५० किमीपर्यंत चालत्या गाडीत चालतो. मळभ दाटलं की सिग्नल शोधावा लागत नाही. ई८९ ला साधारण वीस सेकंद लागतात. शिवाय बूटचं अख्खं झाकण मागे उलटतं, त्याला वर जागा लागते. कौलारू घराचा पोर्च बुटका असेल तर टप पोर्चबाहेरच उघडझाप करावा लागेल.

कापडाचा खरा शत्रू पाऊस नसून ओल. भिजलेल्या गाडीवर प्लास्टिकचं कव्हर टाकलं की आठ दिवसांत बुरशी. कापड धुवा, सावलीत वाळू द्या, वर्षातून एकदा पाणी झटकणारं औषध मारा.

माझं मत: गाडी उघड्यावर राहणार असेल तर दोन्ही नकोत. पोर्चखाली राहणार असेल तर बारा वर्षांच्या धातूच्या टपापेक्षा पाच वर्षांचा कापडी टप पावसात जास्त भरवशाचा.

४. बूटमध्ये काही मावतं का?

ई८९: टप बंद असताना ३१० लिटर, उघडला की १८०. जी२९: दोन्ही वेळा २८१. म्हणजे चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं) सामान आणायला निघालात तर नवीत टप उघडा ठेवून आणता येईल, जुनीत बंद करून.

५. जुनी ३५आय बघायला जातोय. काय काय तपासू?

जायच्या आधी मालकाला सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर. कोमट लागली तर दुसऱ्या दिवशी या.

थंड गाडी सुरू होताना कान द्या. स्टार्टर लांबत असेल तर हाय-प्रेशर फ्युएल पंपावर संशय घ्या, हा एन५४ चा जुना आजार. सुरू झाल्यावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर टर्बोचे वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, सैल झालेत. आवाजाने गाडी लगेच बंद पडत नाही, पण टर्बो काढणं हे मोठं काम, त्यामुळे किमतीत धरा.

मग टॉर्च घ्या. ऑइल फिल्टरच्या हाउसिंगचं गॅस्केट आणि व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, दोन्ही जागी ओलसर काळं दिसतं का बघा. फिल्टरपाशी गळलेलं तेल बेल्टवर पडतं, आणि सुटलेला बेल्ट इंजिनच्या पुढच्या सीलमध्ये ओढला गेला की गोष्ट हाताबाहेर जाते. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि सूचना न देता जातो. बिलांच्या फाइलमध्ये तो बदलल्याचं नसेल तर तो तुम्हालाच बदलायचाय असं समजा. इंजेक्टर बदललेत का तेही त्याच फाइलमध्ये शोधा.

आता टप. निदान तीनदा उघडा-मिटवा, त्यातले एकदा गाडी तापल्यावर. मध्ये थांबतो का, एका बाजूला वाकडा बसतो का, बघा. नंतर मालकाला विचारून बागेची नळी लावा आणि दहा मिनिटं पाणी सोडा. आत बसा, काचेच्या वरच्या कोपऱ्यांतून बोट फिरवा. शेवटी बूटमधला कार्पेट उचलून खाली हात घाला. ओल, गंज किंवा तो कुबट वास असेल तर पाणी आजचं नाही.

हे सगळं करू न देणारा मालक भेटला तर चहा प्या आणि निघा.

६. जुनीचा सात गियरचा डबल क्लच गियरबॉक्स आपल्या ट्रॅफिकमध्ये टिकतो का?

टिकतो, पण त्याला सरपटणं आवडत नाही. मेरशी जंक्शनला इंच इंच पुढे जाताना आत क्लच घासत असतो. ब्रेकवरून पाय अर्धवट उचलून ठेवण्यापेक्षा पुढे जागा झाली की सरळ गाडी काढा. क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून ते तेल बदलल्याचं बिल बघा. 'आयुष्यभर तेल बदलावं लागत नाही' असं कुणी म्हणालं तर कुणाच्या आयुष्याबद्दल ते विचारा. जी२९ चा आठ गियरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला साधा ऑटोमॅटिक या बाबतीत सोशिक. रोज पणजीत ऑफिसला जाणाऱ्यासाठी हा मोठा मुद्दा आहे, मासिकांत लिहितात त्याहून मोठा.

७. फेरीबोटीत चढवता येईल का? गतिरोधकावर घासेल का?

गतिरोधकावर तिरकी घेतली तर बहुतेक ठिकाणी निघते. गावांतले हाताने ओतलेले, रंग नसलेले गतिरोधक मात्र दोघींनाही घासतात. बॉनेट लांब असल्याने पुढचं टोक कुठे आहे याचा अंदाज यायला थोडे दिवस जातात.

रायबंदर–चोडण किंवा दिवाडीच्या फेरीचा प्रश्न भरती-ओहोटीचा आहे. पाणी उतरलं की रॅम्पचा कोन वाढतो आणि पुढचा बंपर खालून लागतो. भरतीला जा किंवा गाडी अलीकडे ठेवा. अरुंद जागांत रुंदीही लक्षात घ्या: ई८९ १७९० मिमी, जी२९ १८६४. बोरीच्या पुलावर समोरून बस आली की हे सात सेंटिमीटर जाणवतात.

८. घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खाऱ्या हवेने काय होतं?

ब्रेक डिस्कवर रात्रीत तांबूस थर येतो, तो दोन ब्रेकात जातो, घाबरू नका. खरी काळजी खालची: सस्पेन्शनचे बोल्ट, एक्झॉस्टचे क्लॅम्प, वायरिंगचे जोड. इथे जुनी गाडी मागे पडते, कारण तिने जास्त वर्षं खारा वारा खाल्लेला असतो. घेण्याआधी लिफ्टवर चढवून खालून बघा. घेतल्यावर पंधरवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याने धुवा. आणि फोटोसाठी वाळूवर नेऊ नका. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, शिवाय रुतलेली झेड४ ओढताना जे तुटतं ते विमावाला देत नाही.

९. खर्च किती धरू?

जुनीच्या किमतीच्या निदान पाव भाग पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. हा माझा ठोकताळा. इतके लागतीलच असं नाही, पण नसतील तर ही गाडी घेऊ नका. पंप, गॅस्केट, टायर, टपाचं एखादं काम, एवढ्यात ते उडतात. गाडीची किंमत निम्म्याहून कमी झाली तरी सुट्या भागांची किंमत तशी उतरत नाही. ते अजून त्याच महागड्या गाडीचे भाग आहेत.

नवीत दुखणी कमी, पण घसारा जास्त. एम४०आय २०२३ साली ८९.३० लाखांना होती, एक्स-शोरूम. शोरूममधून घेतली तर पहिल्या तीन वर्षांत जे पैसे उडतात त्यात जुनीची बरीच दुरुस्ती होईल. म्हणून जी२९ घ्यायची तर तीन-चार वर्षं वापरलेली, कंपनीच्या सर्व्हिसची नोंद असलेली घ्या.

१०. स्टेपनी कुठे असते?

नसते. जुनी रनफ्लॅट टायरवर (हवा गेली तरी काही अंतर चालणाऱ्या) येते, नवीत पंक्चर बुजवायचं किट. जुनीला कुणी साधे टायर घातलेत का बघा. घातले असतील तर किट आणि हवेचा पंप मागून घ्या, नाहीतर चोर्ला घाटात रात्री गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट बघत बसाल.

११. ई२० पेट्रोल जुनीला चालतं का?

२०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. ई८९ च्या काळात कंपन्या दहा टक्क्यांचा हिशेब धरून गाड्या बनवत. एका टाकीने काही होत नाही. थोडं मायलेज उतरतं. त्रास होतो तो इंधनाचे जुने रबरी पाइप आणि सील यांना, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की, कारण इथेनॉल ओल धरून ठेवतं. आपल्या हवेत ओलीची कमतरता नाही. पाइप तपासून घ्या आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा. नवीसाठी टाकीच्या झाकणामागचं लेबल वाचा, त्यावर किती टक्के चालतं ते लिहिलेलं असतं.

१२. २०१० ची स्वस्तात मिळतेय. पंधरा वर्षं झाली, म्हणून मालक देतोय. घेऊ?

आधी कागद. खासगी गाडीची आरसी नोंदणीपासून पंधरा वर्षं चालते. पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी करून पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून साध्या कारसाठी ही फी ५,००० रुपये आहे, पण आयात गाडीसाठी ४०,०००. वीस वर्षांपुढे २०२५ पासून हीच आयात फी ८०,०००. झेड४ पूर्ण तयार होऊनच भारतात आली. त्यामुळे आरटीओच्या नोंदीत ती 'आयात' आहे का हे सौदा ठरवण्याआधी विचारा आणि नूतनीकरण विक्रेत्याच्या नावावर, विक्रेत्याच्या पैशाने करून घ्या. 'नंतर होतं हो' असं तो म्हणाला तर फीएवढे पैसे किमतीतून वळते करा.

१३. मुंबई, बेंगळुरू किंवा दिल्लीची गाडी आणली तर?

त्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. दुसऱ्या राज्याची गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, आणि इथला कर भरावा लागतो. आधीच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो. तो मिळेपर्यंत धीर धरा.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली. त्यामुळे तारीख आणि एनओसी दोन्ही बघा, एनओसीची मुदत संपलेली नाही ना तेही. पंधराव्या वर्षाच्या आसपासची असेल तर प्रश्न १२ इथेही लागू. मुंबईची गाडी असेल तर पुरात बुडालेली नाही ना, यासाठी सीटखालच्या रुळांवर आणि सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या तळाशी मळकट रेघ शोधा.

१४. विम्यात जुनी आणि नवी यांत काय फरक पडतो?

बराच. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारं कव्हर, बहुतेक कंपन्या काही वर्षांपर्यंतच देतात. पुढे क्लेममध्ये घसारा कापला जातो: रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के, आणि दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. म्हणजे ई८९ च्या बंपरचं अर्धं बिल तुमचं. गाडीची विमा-किंमत पाच वर्षांनंतर तुम्ही आणि कंपनी बोलून ठरवता, तेव्हा प्रीमियम वाचवायला ती खाली आणू नका. इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान साध्या पॉलिसीत येत नाही, त्याचं वेगळं कव्हर घ्या. गाडी नावावर झाली की चौदा दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्या.

१५. टुरिस्टांना भाड्याने दिली तर हप्ता निघेल का?

खासगी नंबरवर नाही. भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळे आकडे लागतात, परवाना लागतो. पांढऱ्या पाटीवर दिलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. घेतानाही सावध राहा: रात्री नाचवलेली, चार हंगाम भाड्याने फिरलेली गाडी पाटी बदलून विकायला येते. आरसीवरचा वाहनाचा वर्ग आणि जुनी नोंद बघा.

१६. 'स्टेज वन' केलेली ३५आय मिळतेय, ४०० च्या वर पॉवर म्हणतो. चांगली ना?

एन५४ सॉफ्टवेअरने वाढतं, हे खरं. म्हणून जगभर पोरं त्याच्या मागे. पण प्रश्न ५ मधले सगळे भाग त्या वाढीव जोरावर किती चाललेत हे कुणी लिहून ठेवत नाही. इंजिनातला असा बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर क्लेम अडतो. मी सोडून देतो. हिचा भाव साध्या गाडीपेक्षा जास्त लावलेला असेल तर हसून सोडतो.

१७. नवीत २०आय घेऊ की एम४०आय?

२०आय पुढे हलकी आहे आणि घाटात गंमत देते. पण जुनी ३५आय चालवून आलेल्याला चार सिलिंडरचा आवाज फिका वाटतो, आणि मग तो सहा महिन्यांत एम४०आय शोधायला लागतो. आधी दोन्ही चालवा. मॅन्युअल गियरची एम४०आय २०२५ मध्ये इथे आली. अशी सेकंडहँड दिसली आणि परवडली तर फार विचार करू नका, पुढे मागणी राहील.

१८. लहान मुलगा आहे. मांडीवर घेऊन...?

नाही. सीटा दोन, माणसं दोन.

१९. तुम्ही कोणती घ्याल?

बंद गॅरेज, दुसरी रोजची गाडी आणि प्रश्न ९ मधले बाजूला ठेवलेले पैसे, हे तिन्ही असेल तर ई८९ ३५आय, पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाची, बिलांच्या जाड फाइलसकट. चोर्ल्याच्या वळणांवर ते जुनं इंजिन ज्या तऱ्हेने उघडतं, ती मजा मला एम४०आय च्या सफाईत मिळत नाही. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर जी२९. त्यातही टपापेक्षा सर्व्हिसची नोंद बघून घ्या. फाइल नसलेली स्वस्त ई८९ ही सगळ्यात महाग झेड४.

२०. पावसाळाभर गाडी उभीच ठेवायची असेल तर?

धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. टप बंद, कव्हर हवा खेळणारं कापडी. टाकी भरलेली, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बॅटरीला मेंटेनर. पार्किंग ब्रेक न लावता चाकांना लाकडी ठोकळे लावा, नाहीतर ब्रेक चिकटतात. घुशी वायर कुरतडतात, म्हणून गॅरेजात भुसा, नारळ, तांदळाची पोती ठेवू नका. दोन आठवड्यांनी उघडीप मिळाली की इंजिन नुसतं सुरू करून बंद करू नका. अर्धा तास फिरवून आणा, म्हणजे तेल तापेल आणि एक्झॉस्टमधलं पाणी निघून जाईल. ई८९ असेल तर परत आल्यावर कोरड्या रबरांना ग्रीसचा हात द्या आणि टप एकदा उघडून मिटवा.